तुमादिरचं जातं

तुमादिरने आयुष्यात दोन मुलांना दूध पाजलं. एक तिचं स्वतःचं, ते जगलं नाही. दुसरं उमैमाचं. उमैमा औस टोळीतली, शेजारच्या खजूरबागेत राहणारी. तिची बाळं पाठोपाठ गेली, तेव्हा यसरिब गावातल्या कितीतरी बायका बोलत तसा नवस तीही बोलली: पुढचं जगलं तर यहुद्यांच्या घरी, त्यांच्या धर्मात वाढवीन. नब्हान जगला. उमैमाने तो तुमादिरच्या ओटीत घातला. पुढे ती अधूनमधून लोण्याचं मडकं घेऊन यायची, मुलाला डोळे भरून बघायची आणि जायची. तिचा भाऊ कुलैब मात्र इतक्या वर्षांत एकदाही फिरकला नव्हता.

तो उगवला तो तुमादिरची यहुदी टोळी, नदीर, यसरिब सोडून निघाली त्या दिवशी.

मुसलमानांनी घातलेला वेढा उठला होता. हत्यारं ठेवायची, उंटावर मावेल तेवढं न्यायचं आणि निघायचं, असं ठरलं होतं. लोक आपल्याच घरांच्या चौकटी उपसत होते. मागून येणाऱ्यांना आयती दारं कशाला ठेवायची? वेढ्यात जाळलेल्या खजुरींचा वास गल्लीत भरला होता. समोरच्या भिंतीला टेकून शेजारपाजारची माणसं घरं रिकामी व्हायची वाट बघत बसली होती. लेकराला ताप आला की तुमादिरकडे काढ्यासाठी धावणारी हीच माणसं. आता त्यांची नजर तिच्या छपरावरून, खाटेवरून फिरत होती, तिच्या तोंडाकडे एकजण बघत नव्हता.

नब्हान चौकट काढत होता. कुलैबने त्याचा दंड धरला, दाबून बघितला.

"हाडापेराने आमचाच आहे! चल पोरा. आपण मुसलमान झालो आता. या लोकांबरोबर कुठे भटकणार तू?"

"दातही बघून घे," तुमादिर म्हणाली. "उंट घेताना बघतोस ना?"

तिचा दीर फिनहास तिकडून ओरडला, "तो कुठेही जायचा नाही! माझे उंट कोण लादणार मग?"

"तुम्ही तर बोलूच नका, भावजी." तिला दोघांचीही सारखीच किळस आली. एकाला रक्त आठवलं होतं, दुसऱ्याला हमाल.

तेवढ्यात अशा मुलांचं काय करायचं हे मशिदीत पैगंबरांना विचारायला गेलेला औसांचा माणूस परत आला. निरोप स्पष्ट होता: धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही. मुलगा म्हणेल तसं.

त्याच्या मागोमाग उमैमा आली. हातात नेहमीचं मडकं. जन्मदात्या आईने एक हाक मारली असती तर तुमादिरचं सगळं संपलं होतं.

"आई, तूच सांग," नब्हान म्हणाला.

"मी काय सांगू? नवस मी बोलले होते. तो काय सोयीपुरता होता?" उमैमाचा आवाज फाटला. "तुमादिरताईचे गुडघे गेलेत. तिला उंटावरून उतरवून कोण घेणार? फिनहास?"

नब्हानने चौकट तुमादिरच्या उंटावर बांधली. "मग मी मायबरोबर जातो."

"हाय रे! माझ्या बहिणीचं एकुलतं एक!" कुलैबने गळा काढला. मग बाहीने नाक पुसलं आणि त्याच दमात विचारलं, "बरं बाई, ते दारातलं जातं ठेवून जाताय ना? फार जड आहे, उंटाला झेपायचं नाही."

तुमादिर थुंकली. याच जात्यावर तिने नब्हानसाठी जवाचं पीठ दळलं होतं. उंटाला ते झेपणार नव्हतं, हे मात्र खरं होतं.

उंट उठले. समोरची माणसं भिंत सोडून घरात घुसली. वळणावर तुमादिरने मागे बघितलं. कुलैब जात्याभोवती ओरडत फिरत होता, "ऊठ ना गं! लोक बघतायत!"

उमैमा जात्यावर बसली होती आणि उठत नव्हती.