बेलवरची नावं

जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या आमच्या उपनगरात पूर्वी बहुतेक जर्मन म्हातारेच राहायचे. आता आमच्या इमारतीत तुर्की, सीरियन, पोलिश कुटुंबं आहेत आणि आम्ही क्षीरसागर. इमारतीची देखभाल बघणारे हाउसमाइस्टर आजोबा फार कमी बोलतात. आधी "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणून थांबतात, मगच वाक्य येतं. खालच्या मुख्य दारातल्या बेलजवळच्या नावांच्या पाट्या ते दर शनिवारी स्वतः पुसतात.

मागच्या महिन्यात वरचा रिकामा फ्लॅट विकायला एजंट आला. "ही नावं वाचून गिऱ्हाईक बिचकतं, भाव पडतो. आजच्यापुरते नुसते नंबर लावा," तो आजोबांना म्हणाला.

मी जिन्यातूनच पटकन म्हटलं, "चालेल."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आल्झो... नंबर गाड्यांना लावतात," ते म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणून एक जोडपं आलं, तेव्हा आजोबा दारातच उभे होते. एजंटला थांबवून त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझ्या नावापाशी त्यांची जीभ तीनदा अडखळली. एजंट हसला. आजोबांनी चौथ्यांदा सुरुवात केली.

मग मला जिन्यात उभं राहवेना. मी खाली उतरलो, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझं नाव सांगून त्याखालची सगळी नावं मीच वाचली.