शिंपल्यावरची रेघ

आज तळ्याची समुद्राकडची दारं उघडली आणि भरतीचं पाणी गर्जत आत शिरलं. मी बांधावर उभा राहून बघतच राहिलो.

नदीच्या मुखाशी असलेलं आमचं हे तळं पूर्वी खारं होतं की गोडं, यावरून याच बांधावर दोन संशोधक हातघाईवर आले होते. गोडं ठरलं असतं, तर दारं कायमची बंदच राहणार होती. तेव्हा जन्मभर शिंपल्यातली कालवं काढणारी आमची सुमनकाकी त्यांनी तळातून उपसलेल्या जुन्या गाळापाशी बसली. त्यातलं एक शिंपलं तिने पदराला पुसलं आणि त्यावरून नख फिरवलं.

“पावसात गोडं पाणी आलं की कालव तोंड मिटतं, वाढत नाही. ही त्याचीच रेघ. दोन रेघांमधलं सगळं खाऱ्यात वाढलेलं. दोघांचंही बरोबर आहे, सर.”

दोघांनी वाकून ती रेघ पाहिली, आणि दारं उघडायचं ठरलं. माणसांनाही आपण असंच एका चवीत कोंबायला बघतो. तळं मात्र दरवर्षी चव बदलूनच जिवंत राहिलं होतं.

मी ओंजळभर पाणी चाखलं. खारट!

काकी कमरेवर हात ठेवून हसली. “आता पावसात ये आणि पुन्हा चाख.”