काळ्या पडद्यावरच्या विहिरी

बाइंडिंगच्या दुकानात कतरण पडते तसे किस्से पडतात. झाडून फेकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. हैदराबादच्या सुलतान बाजारातलं आमचं दुकान थिसिस शिवायचं. मी चौथी नापास. आत काय लिहिलंय ते मी वाचत नाही. दुसरं कुणी वाचत असेल असंही मला वाटत नाही.

*

गल्लोगल्ली कॉम्प्युटर यायला लागले तेव्हाची गोष्ट. माझी सून सुलभा पुण्याची. तिनं दुकानात एक कॉम्प्युटर बसवला आणि थिसिसवाल्यांना ग्राफ काढून द्यायला लागली. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करायचे. हुकूम बरोबर असला तर तो प्रोग्राम एक शब्द बोलत नाही, ग्राफ काढून मोकळा. चुकला की लगेच ओरडतो.

मी म्हटलं, "हा कसला माणूसघाणा? चांगल्याला चांगलं म्हणत नाही."

"मामंजी, म्हणूनच मला लवकर जमला. घरात सवय झाली होती."

*

मधुकर आमचं गिऱ्हाईक. बिदरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, दिलसुखनगरच्या एका कॉलेजात टेंपररी लेक्चरर. जूनच्या आत थिसिस दिला नाही तर घरी बस, असं कॉलेजनं त्याला तोंडावर सांगितलेलं. विषय काय, तर पाच गावांतल्या विहिरींचं पाणी.

पहिल्या विहिरीचा ग्राफ निघाला. रेघ झकास वर चढलेली. मी म्हटलं, "पाणी बरंच आलंय की."

"काका, ती काठापासून पाण्यापर्यंतची खोली आहे. पाणी आटतंय."

"मग आटताना दाखव ना बाबा."

सुलभानं एक ओळ टाइप केली, रेघ उलटी झाली. बिदरकडची विहीर एका ओळीत आटली.

*

मधुकरला कुणीतरी सांगितलं, आबिड्सला माऊसवाला कॉम्प्युटर आहे, रंगीत ग्राफ निघतात. गेला. जाडजूड उभे खांब काढून आणले, लाल, हिरवे, जांभळे. त्याचे गाइड जुने हैदराबादी. त्यांनी पानं परत ढकलली.

"ये क्या जी, शादीखाना बनारै क्या?"

मधुकर खाली मान घालून परत काळ्या पडद्याकडे आला. सुलभानं चहासुद्धा विचारला नाही.

*

सुलभाची एक पद्धत होती. हुकमांची फाइल एकदाच लिहायची. मग दर ग्राफला वरचं गावाचं नाव बदलायचं आणि आत आकडे कुठून घ्यायचे तेही बदलायचं. मधुकरच्या वेळी तिनं वरचं नाव तेवढं बदललं. पाच गावं, पाच पानं, आणि पाचही पानांवर एकाच विहिरीची रेघ.

हे सुलभाला कळलं पाचही प्रती शिवून झाल्यावर. तोवर गाइडनं सगळं पास केलेलं. मधुकरनं तर ग्राफ बघून शेवटचा चॅप्टर लिहिलेला, की पाचही गावांत पाणी अगदी सारखं उतरतं, आणि हाच या संशोधनाचा निष्कर्ष. त्या विहिरींत पाणी मोजायला दोर त्यानं स्वतः सोडला होता. पण छापील रेघ समोर आली की आपल्या दोरावर कोण विश्वास ठेवतो!

सुलभानं खरे ग्राफ काढले. एक विहीर तळाला, एक भरलेली, उरलेल्या तिघी आपापल्या मर्जीच्या. एकीचा दुसरीशी मेळ नाही.

"मधुकरभाऊ, चूक माझी आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "काही करू नको. कोण बघतंय? जून आलाय."

मधुकर उठला. नवी पानं घेऊन गाइडकडे गेला. संध्याकाळी दुकानात आला तो स्टुलावर बसूनच राहिला.

"काय म्हणाले साहेब?"

"जुनी आणि नवी पानं शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. म्हणाले, पहिल्यात निष्कर्ष आहे. यात नुसत्या विहिरी आहेत."

"मग पुठ्ठे आहेत तसेच राहू देऊ?"

त्यानं पाचही प्रती माझ्यापुढं सरकवल्या, वर नवी पानं ठेवली.

"उसवा काका. विहिरी शिवा."