गुरम्माच्या कपाळावरची विभूती

ईश्वरप्पाच्या स्टुडिओतून काळं माणूस कधी बाहेर पडलं नाही. निदान फोटोत तरी. लग्नाळू पोरींचे बाप पार अक्कलकोटहून सोलापुरात त्याच्याकडे यायचे, कारण तो पोरगी उजळून द्यायचा. चारशे स्पीडच्या फिल्मला उजेड थोडा पुरतो, पण हा वर दोन दणकट दिवे पेटवायचा. फिल्म धुवायचा डेव्हलपर दुप्पट कडक, त्यात एप्रिलचं नळाचं पाणी आपसूकच तापलेलं. नऊ मिनिटांचं काम चार मिनिटांत उरकायचं आणि चेहरा पीठ थापल्यासारखा पांढरा निघायचा. ईश्वरप्पा याला हातगुण म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली हा हातगुण सख्ख्या आईवर चालला. गुरम्माने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. सत्तरी उलटल्यावर मात्र ती मंद्रूपहून आपण होऊन आली.

"मी गेल्यावर भिंतीवर लावायला एक फोटू पायजे," ती म्हणाली. "नातवंडांनी बगून वळकलं पायजे."

ईश्वरप्पाने सगळी विद्या पणाला लावली. संध्याकाळी गुरम्माने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"ही कोन?"

"तूच की, आव्वा."

"मग माजी इबूत कुटं गेली?"

ईश्वरप्पाने वाकून पाहिलं. कपाळच इतकं पांढरं आलं होतं की विभूतीचे तीन पट्टे त्यात बुडून गेले होते. लिंगायताच्या पोराने आईचं कपाळ कोरं करून ठेवलं होतं.

"मी मेल्यावर ह्या बाईला हार घालनार व्हय तू?"

त्याला कुठं तोंड लपवावं कळेना. अख्ख्या गावाला चुना लावता लावता मी आईलाही लावला, असं तो पुढे स्वतःच सांगत सुटायचा.

सकाळी त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पन्नास स्पीडची फिल्म, दिवे बंद, फक्त खिडकीचा उजेड. डेव्हलपर मवाळ, नुसत्या मेटॉल पावडरीचा, आणि फिल्म धुवायचा डबा तापू नये म्हणून बर्फाच्या घमेल्यात. एवढा बर्फ बघून बर्फवाल्याने विचारलंही, पाहुणे किती आलेत म्हणून.

पण मंद फिल्मला दोन सेकंद स्थिर माणूस लागतं आणि गुरम्माची मान थरथरायची. दोन फोटो हलले. ईश्वरप्पा "हलू नको" म्हणेल तशी ती जास्तच हलायची. शेवटी तिने त्याला गप्प बसवलं, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि रोज पूजेला बघते तशी त्या लिंगाकडे बघत राहिली. मान थांबली. ईश्वरप्पाने श्वास रोखून बटण दाबलं.

दुपारी ट्रेमध्ये कागदावर आई हळूहळू उमटू लागली. सावळा चेहरा, एकेक सुरकुती आपापल्या करड्या छटेत, आणि कपाळावर स्वच्छ तीन पट्टे. आपली आई इतकी देखणी आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, याची त्याला लाज वाटली आणि आनंदही झाला.

गुरम्माने फोटोतल्या कपाळावरून बोट फिरवलं.

"व्हय, ही मी." मग तिने कालचा फोटो त्याच्या हातात दिला. "ती गोरी बाई दुकानात काचंत लाव, गिऱ्हाइकं येतील. मला घरी ने."