ताडातला शेजारी

कुलाबा जिल्ह्यात माणसं, जनावरं आणि पाखरं मिळून आमच्या ताडातल्या शेजाऱ्याइतका तापट, आयतोबा आणि स्वतःवर खूश असलेला प्राणी दुसरा झाला नाही, हे मी पनवेलात बावीस वर्षं मास्तरकी करून, म्हणजे नाना तऱ्हेची कार्टी हाताळून, शपथेवर सांगतो. जात नीळकंठ पक्ष्याची. पण गळा तांबूस आणि निळाई सगळी पंखांत, म्हणजे नावापासूनच फसवणूक. तारेवर बसला की पोतेऱ्यासारखा मळकट दिसे आणि उडाला की असा निळा लखलखे की हातातलं काम विसरावं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरामागच्या शेतात शेंडा मोडलेला सुका ताड होता. त्याच्या ढोलीत त्यानं बिऱ्हाड थाटलं आणि तिथपासून आमच्या परसापर्यंतची जमीन बापाची असल्यासारखा वागू लागला.

सकाळी टेलिग्राफच्या तारेवर येऊन बसायचं आणि शाळा सुटेपर्यंत हलायचं नाही. मध्येच गवतात धप्पकन उतरून नाकतोडा उचलायचा, खांबावर आपटून आपटून गिळायचा, की पुन्हा समाधी. आंघोळसुद्धा माणसासारखी नाही, तळ्यात वरून सूर मारायचा. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ, म्हणून सगळी आळी आमच्या परसात जमली, तर नेमका त्याच दिवशी हा गृहस्थ बेपत्ता. मी तीन वेळा चहा पाजून लोकांना परत पाठवलं. पुढे शिमग्याच्या सुमारास याला लग्नाची घाई झाली. आभाळात उंच जाऊन कोलांट्या खात खाली यायचा आणि तेल न घातलेल्या रहाटासारखा ओरडायचा. त्या आवाजावर एक बरी मादी भाळली, याचं मला अजून नवल वाटतं. अंडी झाल्यावर तर कहरच झाला. कावळे, कुत्री, पोस्टमन, कोणाला ताडाकडे फिरकू देईना. मी आपला धोतर वाळत घालत होतो, तर टकलावर दोनदा चोच मारली.

त्याच तिरीमिरीत मी शेतमालकाकडे गेलो. म्हटलं, "दादा, तो सुका ताड पाडून टाका."

"पाडतंव मास्तर," तो म्हणाला. "पन आदी राब भाजून घेतंव, मंग ताडाचं बगू."

राब म्हणजे भाताचं बी टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या. वैशाखात राब पेटला आणि धुरातून पळणारे किडे टिपायला आमचे शेजारी सर्वांच्या आधी हजर झाले, आमंत्रण नसताना पंगतीत पहिल्या पाटावर बसणाऱ्यासारखे. टिपायचा, ढोलीत नेऊन द्यायचा, परत यायचा. एवढ्यात वारा फिरला आणि आग वाळक्या गवतातून ताडाकडे सरकली.

"अहो, पिल्लं आहेत आत!" आमची बायको ओरडली.

पीडा आपोआप टळत होती. मी मात्र बादली घेऊन धावत सुटलो होतो. पहिलं पाणी बुंध्यावर ओतलं आणि डोक्यात चोच बसली. आग सोडून या शहाण्यानं मलाच शत्रू धरलं!

"अरे गाढवा, तुझंच घर वाचवतोय!" मी किंचाळत होतो, तो मारत होता, आणि शेतमालक हिरव्या फांदीनं आग झोडपत हसत होता. "मास्तर, तुमीच बोल्लाव ना पाडा म्हनून? मंग आता पानी कशाला वतता?"

मी पुढची बादली ओतली. बुंधा काळा पडला, पण धग ढोलीपर्यंत पोचली नाही. वरून पिल्लांची किरकिर ऐकू आली तेव्हा कुठे मी बादली खाली ठेवली. इतका आनंद मला माझ्या वर्गाच्या निकालानंही कधी झाला नव्हता.

पिल्लं उडाली आणि सगळं कुटुंब निघून गेलं. परसात शांतता झाली. हवी होती तशीच, पण मला करमेना.

पुढच्या वैशाखात राब पेटला तेव्हा मी सकाळपासून धुरात उभा होतो. बगळे आले, कोतवाल आले, साळुंक्या आल्या. तो आला नाही.

"नाय आला?" शेतमालक माझ्याजवळ येऊन म्हणाला. यावेळी तो हसला नाही. "उद्या खालचा वाफा भाजतंव. या तुमी. येल तो."

दुसऱ्या दिवशीही मी गेलो.