तोंडानं ओढलेली गाडी

"पोरगी मुकी हाय व्हय हो पावणं?"

चढाच्या टोकाला ट्रॅक्टर लावून बसलेल्या माणसानं माझ्या काकांना विचारलेलं मी स्पष्ट ऐकलं. मुकी माणसं बहिरीही असतात असा त्याचा समज असावा, कारण आवाज कमी करायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

मी मुकी नव्हते. माझ्या तोंडात एक प्लास्टिकची नळी होती, आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या गाडीची पुढची दोन चाकं होती.

हे नीट सांगायला हवं.

कोल्हापुरात बाबांचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र उघडलं की आपल्याला कळतं, असा त्यांचा ठाम विश्वास. (उघडलेलं परत बंद करता येतं की नाही, हा वेगळा विषय.) मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्या कंत्राटदाराकडून त्याच्याइतकीच म्हातारी जीपगाडी आणली. कारण एकच: फोर व्हील ड्राइव्ह!

"चारी चाकं ओढत्यात," बाबा येईल त्याला सांगायचे. "चिखूल असूं दे, न्हाय तर वढा असूं दे. थांबायचं नावच न्हाय."

थांबायचं नाव नव्हतं, कारण मुळात निघायचीच मारामार होती. पण ते असो.

त्या गाडीची तऱ्हा अशी: एरवी तिची मागची दोनच चाकं ओढायची. पुढची जोडायची असली की डॅशबोर्डवरचं एक बटण दाबायचं. मग इंजिन एका बारीक नळीतून हवा ओढून घेणार, त्या ओढीनं पुढच्या आसाजवळच्या पत्र्याच्या डबीतला रबरी पडदा सरकणार, 'खटक्' असा आवाज होणार, समोर हिरवा दिवा लागणार आणि चारी चाकं कामाला लागणार. आमच्या गाडीत यातलं फक्त बटण दाबणं व्हायचं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडीखाली शिरून ती नळी सोडवली, टोक सरळ तोंडात धरलं आणि जोरात हवा ओढली. 'खटक्!'

"डबी एक नंबर हाय," मिस्त्री ओठाचं ऑइल पुसत म्हणाले. "नळी चिरलीया. तसली पुण्या-मुंबईस्नं मागवाय लागंल. थांबा आठ-पंधरा दिस."

"नळीसाठी पंधरा दिस?" बाबा घरी येताना म्हणाले. "नळीच हाय की ती! काय तोफ हाय?"

आणि त्यांनी चिरलेल्या नळीच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हला लागते ती मऊ रबरी नळी बसवली. दारात, थंड इंजिनावर, हिरवा दिवा लागला! बाबांनी गल्लीला बोलावून दाखवला. तिन्हीसांजेला देवाला दिवा लावल्यावर करतात तसा शेजारच्या आजींनी त्याला नमस्कारसुद्धा केला.

फक्त आई हलली नाही. त्याआधी दोनदा ही गाडी बैलांनी ओढून घरी आणली होती आणि दोन्ही वेळा आई आत बसलेली होती. "आता माझं ऐका," ती म्हणाली. "गावच्या यात्रेला ही मळ्यापर्यंत आपल्या चाकांनी गेली तर राहू दे दारात. कुणाला ओढून न्यायला लागली, तर तिथनंच भंगारात. परत घरी आणायची न्हाई."

"कबूल!" बाबा म्हणाले. रात्री मात्र मी त्यांना बॉनेटवर हात ठेवून नुसतं उभं राहिलेलं पाहिलं. ते काहीतरी पुटपुटत होते. गाडीशी, की देवाशी, ते कळलं नाही.

आमचा मळा गडहिंग्लजच्या वाटेवर, डांबरी सोडून आत. यात्रेच्या दिवशी तिथं पावण्यांची पंगत असायची. मटण, भाकरी, तांबडा रस्सा सगळं मळ्यावरच शिजायचं. पण पांढरा रस्सा आई घरून करून न्यायची. तो दुसऱ्या कुणाला जमतो यावर तिचा विश्वास नव्हता. मोठ्ठं पातेलं, त्यावर झाकण, झाकणावरून फडकं घट्ट बांधलेलं. गाडीत आधी पातेल्याची जागा ठरली, मग आमची. बाबा चालवायला; तरुणपणी तालमीत घुमलेले आणि आता नुसतेच घुमणारे धाकटे काका; बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या; आई; आणि मी.

आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात. कुणी ऐकत नाही, त्यामुळे कुणाचं अडत नाही. मी त्यातून सुटलेली एकटीच. माझ्या न बोलण्याचं खापर आत्या कायम एकाच ठिकाणी फोडायची: "इंग्लिश मिडियमला घातली, आन् पोरीचा आवाज गेला! मराठी शाळंत कशी पोरं बेंबीच्या देठापास्नं वरडत्यात!"

आदल्या रात्री वळीव कोसळला होता. डांबरी सोडून आत वळलो, ओढा ओलांडला आणि पुढच्या तांबड्या चढावर मागची चाकं गरगर फिरून जागच्या जागी खड्डा खणायला लागली.

"आता बघा!" बाबांनी मोठ्या थाटात बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

परत दाबलं. मग अंगठ्यानं. मग मुठीनं.

बॉनेट उघडल्यावर कारण दिसलं. गरम इंजिनानं जोरात हवा ओढल्यावर ती सायकलची मऊ नळी चपटी होऊन बसली होती, लस्सी ओढताना कागदी स्ट्रॉ होते तशी. फुगवायच्या कामाची नळी बाबांनी ओढायच्या कामाला लावली होती! ती उपटायला गेले तर इंजिनावर ती जिथं बसते ते प्लास्टिकचं टोकच मोडून हातात आलं.

"झालं," आई म्हणाली. त्या एका शब्दात गाडी भंगारात पोचलीसुद्धा.

चढाच्या टोकावर एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. "वढू का?" वरून आवाज आला. त्या माणसाला दुसरं काही काम नसावं. किंवा असावं आणि हे जास्त आवडलं असावं.

"नको!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज जरा फाटला. मग ते पुटपुटले, "मिस्त्रीनं तोंडानं हवा वढलीती. तोंडानं वढल्यावर लागलं होतं."

काका पुढं झाले. "मग ह्यात काय हाय? मी वढतो की."

मळ्यावरच्या खोलीचं बांधकाम चालू होतं, म्हणून गवंड्याची लेव्हल काढायची लांब पारदर्शक नळी गाडीत पडलेली होती. बाबांनी तिचं एक टोक डबीकडून आलेल्या नळीत घट्ट बसवलं आणि दुसरं डाव्या खिडकीतून आत घेतलं. इंजिननं उघड्या भोकातून हवा खाऊ नये म्हणून त्यात उसाचा तासलेला तुकडा ठोकला. (तो दुकानातल्या कुठल्याही पार्टपेक्षा चांगला बसला.) काका पुढच्या सीटवर बसले, छाती फुगवली, नळी तोंडात घेतली आणि ओढली.

'खटक्!' हिरवा दिवा!

गाडी चढायला लागली. खरोखर चढायला लागली! बाबांनी जेमतेम गिअर सांभाळला असेल, तेवढ्यात काकांना समोर दगड दिसला.

"दादा, उजवीकडं घे!"

नळी तोंडातून सुटली, दिवा विझला, पुढच्या चाकांनी अंग काढून घेतलं आणि आम्ही सगळे मागं मागं घसरत ओढ्याशी. पातेलं डचमळलं. आई किंचाळली.

"बोललास कशाला?" बाबा.

"दगूड हुता!"

"मला दिसत होता की!"

"मग बोलायचं न्हाईस व्हय, दिसतोय म्हणून?"

मग आत्या बसली. "बायकांच्यात दम जास्त असतोय," असं म्हणून तिनं नळी धरली. दम होताच. पण गाडी हलताच बाबांसाठी "बाळू, हळू रे, हळू!" असं पोटातून आलं आणि आम्ही पुन्हा ओढ्याशी.

शेवटी आई. आईनं खरी कमाल केली. निम्मा चढ ती गाल आत ओढून, डोळे वटारून, दगडासारखी बसली. काका उजवीकडं-डावीकडं करत होते तरी बोलली नाही. आत्या देवाचा धावा करत होती तरी बोलली नाही. यश समोर दिसत होतं. तेवढ्यात बाबांना राहवलं नाही. "बघ," ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, गाडी चांगली हाय म्हणून?"

याला उत्तर न देणं आईला शक्यच नव्हतं.

ओढ्याशी पोचल्यावरही तिचं उत्तर चालूच होतं.

"वढू का?" वरून पुन्हा आवाज आला.

मग एक विचित्र गोष्ट घडली. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात असं होत नाही. मी मागं पातेल्याला टेकून, नेहमीसारखी, नसल्यागत बसले होते.

"हिला द्या की!" आत्या म्हणाली. "न्हाईतरी तोंडाचा काय उपेग करत्या ही?"

माझ्या गुणाचं एवढं उघड कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी पुढं बसले, नळी ओढणीला पुसली (तीन नातेवाईकांची थुंकी म्हणजे गंमत नव्हे!) आणि ओढली. 'खटक्!' जिभेनं टोक दाबून धरलं, नाकानं श्वास घेतला. सोपं होतं. बोलायचं नाही, एवढंच. त्याचा मला अठरा वर्षांचा सराव होता.

तेवढ्यात आई म्हणाली, "पातेलं उतरवा आधी. एवढ्या घसराघसरीत सगळा रस्सा सांडंल. भावजी, तुम्ही हातात धरून चालत आणा."

"माझ्यावर सोडा वैनी," काका म्हणाले. त्यांनी पातेलं उतरवून ओढ्याकाठच्या सपाट दगडावर ठेवलं. मग गाडी हलली, आणि काकांच्यातला वस्ताद जागा झाला! दोन्ही हात वर करून ते गाडीच्या पुढं धावले आणि उलटं चालत बाबांना इशारे द्यायला लागले. आत्या माझ्या खिडकीशी चालत माझी उमेद वाढवत होती. आई मागच्या बाकावर डोळे मिटून नृसिंहवाडीच्या दत्ताला काहीतरी कबूल करत होती.

आणि मला डाव्या आरशात पातेलं दिसलं.

एकटंच होतं. दगडावर. पांढऱ्या फडक्यात, लग्नाच्या मांडवात विसरलेल्या नवरीसारखं.

मी "हूं! हूं!" केलं आणि काकांकडं बोट दाखवलं. काकांनी खूश होऊन मलाही इशारा दिला. मी मागं बोट दाखवलं. "व्हय व्हय, लई मागं टाकलं आपुन!" आत्या म्हणाली. "बघ बाळू, पोरगीसुद्धा म्हणत्या, दाब!"

बाबांनी दाबलं.

आरशात एक कुत्रं आलं. आरशात सगळं लहान दिसतं, त्यामुळे कुत्रंही लहान आणि निरुपद्रवी वाटत होतं. त्यानं पातेल्याला एक प्रदक्षिणा घातली. मग फडक्याची गाठ दातात धरली.

मी जिवाच्या आकांतानं हातवारे केले. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं ते याच वेळी: पोरगी मुकी हाय व्हय?

एक शब्द पुरे होता. 'रस्सा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. पण जिभेवर नळी होती. मी बाबांकडं पाहिलं. कपाळावरून घाम गळत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि ते ओठातल्या ओठात म्हणत होते, "चल माज्या राजा... एवढा डाव चल..." बॉनेटवर हात ठेवून ते कुणाशी बोलत होते, ते मला तेव्हा कळलं.

पंगतीला पांढरा रस्सा नसला तर पावणे तांबड्यावर जेवतील. कोल्हापूरच्या मुलीनं असा विचार करणं म्हणजे पापच. पण मी तो केला, गाल आणखी आत ओढले आणि आरशातून नजर काढली.

एक शेवटचा दगड, एक हिसका, आणि गाडी वर आली! आपल्या चाकांनी! बाबांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. आत्यानं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. ट्रॅक्टरवाला निराश होऊन तंबाखू मळायला लागला. आईनं डोळे उघडले, आधी मागं सुटलेला चढ पाहिला, मग बाबांचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे गाडी."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. काच पुसली, मग डोळे.

"आता तरी बोल की गं पोरी!" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"बोलंल की! न बोलायला काय झालंय?" आत्यानं त्याला झाडलं आणि माझ्याकडं वळली. "मंजे, बोल. मगाधरनं हूं हूं करून काय सांगत हुतीस ते बोल. गप रे सगळी! माझी गुणाची लेक बोलत्या!"

आणि सगळे गप्प झाले. आमचं घराणं, एकाच वेळी, गप्प! माझं बोलणं ऐकायला चार नातेवाईक, एक ट्रॅक्टरवाला आणि बंद पडलेला हॉर्न. असे श्रोते मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हते. मी तोंडातून नळी काढली ('खटक्!' झालं, कुणाचं लक्ष नव्हतं), आरशात एकदा नीट पाहून घेतलं आणि इंग्लिश मिडियममध्ये शिकलेल्या स्वच्छ, स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले,

"रस्सा खालीच राहिलाय. पण आता पळू नका, कुत्र्याचं जेवण झालंय."