राधाबाईंचं ठोक्यांचं घड्याळ

सत्यवान धुरीने मालवणच्या बाजारात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. अलीकडे गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक सेल बदलायला. त्यामुळे तोंडवलीच्या राधाबाईंनी पदराची गाठ सोडून ते चांदीचं घड्याळ पुढे ठेवलं, तेव्हा त्याला हात लावायलाही तो क्षणभर बिचकला. पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर निळे आकडे, मधे नाजूक फुलांची वेल. कडेची कळ दाबली की आधी तासांचे ठोके पडायचे, मग पाव तासांचे दुहेरी. त्यांच्या आजेसासऱ्यांना ते कुणा गोऱ्या कप्तानाने दिलेलं.

काचबिंदूने राधाबाईंची नजर गेली होती. वेळ कळायची ती या ठोक्यांवरून, आणि तेच बंद पडले होते.

"माका दिस कळत नाय, रात कळत नाय रे," त्या म्हणाल्या. "बेगीन कर."

सत्यवानने आठ दिवसांत झिजलेलं चाक नवं घडवलं. ठोके परत आले. निरोप धाडायचा होता, पण एक दिवस आपण ऐकू, असं त्याला वाटलं. एका दिवसाचा आठवडा झाला. राधाबाईंची सून किशोरी फोन करायची, तेव्हा तो सांगायचा, "स्प्रिंग मुंबयसून येवची आसा." पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर नाही.

गणपती गेले. दसऱ्याच्या सुमारास फोन थांबले, तेव्हा त्याला बरंच वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटू लागली. दिवाळी झाल्यावर तो घड्याळ घेऊन तोंडवलीला गेला.

त्याने घड्याळ हातात ठेवताच राधाबाईंनी कळ चाचपून दाबली, ते कानाशी धरलं. दहा ठोके खणखणीत पडले, वर दोन दुहेरी. त्या वाट बघत राहिल्या. पुन्हा दाबली.

"वाजत नाय," त्या म्हणाल्या.

किशोरी हळूच म्हणाली, "नवरात्रात त्यांका ताप इलो. त्यातसून उठले, पण कान गेले."

सत्यवान राधाबाईंच्या पायाशी बसला. "काकी, घड्याळ कधीचा तयार होता. मीच ठेवून घेतलंय." तो दोनदा बोलला, ओरडून बोलला. राधाबाईंच्या हाताला त्याचा हात लागला. तो त्यांनी थोपटला.

"जांव दे रे बाबा. जुना झाला ता. तू तुका जमला तितक्या केलंस."

चहा ठेवायला उठलेली किशोरी दारातच थबकली होती. "त्यांका आता ह्या कसा सांगूचा?" एवढंच म्हणून ती आत गेली. चहा काही आला नाही.

सत्यवान अजून अधूनमधून जातो. घड्याळ राधाबाईंच्या गालाच्या हाडाला टेकवून कळ दाबतो. कायतरी हलता, त्या म्हणतात. मोजता मात्र येत नाही. आणि घरी येईल त्याला त्या सांगतात, सत्यवानाने या घड्याळापायी फार खटपट केली. तो तिथेच बसून ते ऐकतो.